अंबरनाथला उतरलात कधी?

गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. ज्या ऑफिसात मी फ्रीलान्सर म्हणून आठवड्यातून दोनदा हजेरी लावते, तिथल्या कॅण्टीनमध्ये आमची गँग चहाभोवती जमलेली. विषय एकच : वीकेण्ड! अटी अगदी साध्या. एका दिवसात जाऊन यायचं, रजा टाकायची नाही. पाणी हवं. काहीतरी जुनं, ऐतिहासिक हवं. आणि थोडं ‘आर्टी’पण हवं, कारण मॉलला आता सगळेच वैतागलेत.

कुणीतरी अलिबाग म्हटलं. ‘तिथे रविवारी आपलंच ऑफिस भेटतं,’ म्हणून ते बाद. मग वाई-मेणवली. कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, ‘स्वदेस’चं शूटिंग... सगळं मस्त, पण एका दिवसात नुसती धावपळ. पणजीच्या फोंतेन्यासचं नाव निघाल्यावर सगळ्यांनी एकत्र उसासा टाकला आणि कॅलेंडरकडे बघितलं.

‘अंबरनाथ,’ मी म्हटलं.

दोन सेकंद शांतता. मग जो हशा पिकला, तो थेट अकाउण्ट्सपर्यंत ऐकू गेला असणार. ‘म्हणजे ते इंडिकेटरवर असतं ते?’ एकीने विचारलं. तिने गंमत केली नव्हती. तिच्यासाठी अंबरनाथ म्हणजे खरंच तेवढंच होतं.

आता एक कबुली. मी बदलापूरची. जन्मापासूनची. पण कॉलेजात कुणी ‘कुठे राहतेस?’ विचारलं की मी म्हणायचे, ‘कल्याणच्या थोडं पुढे.’ ते ‘थोडं’ म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर! तेव्हा लोक मला हसतात याचा राग मला यायलाच नको. पण आला. आणि रागाच्या भरात मी पुढच्या रविवारची अख्खी ट्रिप अंगावर घेतली.

सेल्स पिच तिथल्या तिथेच सुरू केला. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०. मंदिरातच तसा शिलालेख आहे. म्हणजे इंग्लंडवर नॉर्मन लोकांनी स्वारी केली, त्याच्या सहा वर्षं आधी आपल्या सेण्ट्रल लाइनवर हे मंदिर उभं होतं! उत्तर कोकणच्या शिलाहार राजांनी ते बांधलं. छित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात पुरं झालं. त्यांची राजधानी कुठली? ठाणे! म्हणजे राजापण आपल्याच लाइनवरचा.

आणखी एक. कुणालाही विचारा, उत्तर येतं, ‘हेमाडपंती मंदिर आहे.’ पण ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात होता, तेराव्या शतकात. मंदिर त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. अभ्यासक या शैलीला भूमिज म्हणतात. शिखरावर उभे पट्टे आणि त्यांच्या मधोमध छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, एकावर एक चढत गेलेल्या. सिन्नरचं गोंदेश्वर बघितलं असेल, तर तोच प्रकार.

यावर आमचा आर्ट डायरेक्टर मित्र चहा ठेवून सरळ बसला. पठ्ठ्या जे. जे.चा. त्याला मी शेवटचं पान टाकलं. १८६८ साली सरकारने या मंदिराची मोजमापं, ड्रॉइंग्ज आणि मूर्तींचे साचे करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते काम कुणाला दिलं? जे. जे. स्कूल ऑफ आर्टला! कॉलेज जेमतेम अकरा वर्षांचं होतं. तिथले विद्यार्थी या भिंतींसमोर बसून एकेक मूर्ती कागदावर उतरवत होते.

‘म्हणजे माझे सीनियर्स!’ तो म्हणाला. ‘मी येतो.’

एक आला की गँग येतेच. ट्रिप फायनल.

घरी येऊन मी लॅपटॉपवर प्लॅन करायला बसले. तोपर्यंत मला वाटत होतं, आपल्याच गावाची ट्रिप आखायची म्हणजे डाव्या हाताचा मळ. पण पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर ज्या नजरेने बघतो ना, त्या नजरेने मी कधी गावाकडे बघितलंच नव्हतं. मंदिर किती वाजता बघायचं? ऊन कुठून येतं? रिक्षा कुठे मिळते? रोज सकाळी ‘पुढील स्टेशन अंबरनाथ’ ऐकून मी फक्त एवढंच करते, की चढणाऱ्या गर्दीला जागा देण्यासाठी पाय आत घेते.

तरी प्लॅन झाला. सकाळी दादरहून लवकरची लोकल, तास-सव्वा तासाचा प्रवास. रविवारचा मेगाब्लॉक विसरायचा नाही. तो सुरू व्हायच्या आत कल्याण गाठायचं. पहिला हॉल्ट उल्हासनगर, कारण रिकाम्या पोटी इतिहास पचत नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९मध्ये तिचं शहर झालं, पण पत्त्यात अजून ‘कॅम्प नंबर’ टिकून आहे. तिथे दाल-पकवान खायचं. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चटणी, कच्चा कांदा. मग रिक्षाने मंदिर. दुपारी जेवायला बदलापूरला आमच्या घरी. संध्याकाळी उल्हास नदीचा काठ. झकास!

फक्त एक गोष्ट मी शिताफीने टाळली होती. मंदिर ज्या वालधुनी नदीच्या काठी आहे, ती नदी. रिक्षावाल्याला कुठे थांबायला सांगायचं, कुठल्या बाजूने फोटो काढायचे, सगळं असं बसवलं की नदी फ्रेममध्ये येणारच नाही. पाणी म्हणून मी बदलापूरची उल्हास दाखवणार होते.

बाबांना प्लॅन वाचून दाखवला. ते अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यात तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेत. चष्मा वर करून म्हणाले, ‘अगं, जिच्या काठावर देऊळ बांधलं, तिलाच वगळलंस?’

‘बाबा, तुम्हाला माहितेय ना ती कशी आहे. वास येतो. गँग काय म्हणेल?’

‘एकदा जाऊन तर येऊ,’ ते म्हणाले. ‘रंगीत तालीम.’

म्हणून परवाच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. सकाळी नऊला देवळाच्या आवारात होतो आणि खरं सांगते, लाज वाटली. किती वर्षांनी आले होते मी इथे! काळ्या पाषाणावर कोवळं ऊन तिरकं पडलं, की भिंतीवरची एकेक आकृती पुढे येते. शिव, पार्वती, ब्रह्मदेव, आरशात बघणारी, कंबरेत लचकलेली सुरसुंदरी. भिंत सपाट नाहीच. सारखी आत-बाहेर वळत जाते, त्यामुळे दर दोन पावलांवर सावलीचा आकार बदलतो. महाशिवरात्रीच्या जत्रेत माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि लहानपणी मी फक्त जत्रेतच यायचे.

सभामंडपातले कोरीव खांब ओलांडले की गाभारा, पण गाभारा समोर नाही. खाली आहे! वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नाही, त्यामुळे उजेड थेट वरून पिंडीवर येतो. अंबर म्हणजे आकाश, हे शाळेत शिकलो होतो. खाली उभं राहून मान वर केल्यावर कळलं. बाबा काही न बोलता पाच मिनिटं तिथे उभे राहिले. मीही मोबाइल पर्समध्येच ठेवला.

मग बाहेर येऊन ते सरळ नदीकडे चालू लागले.

नदी म्हणायची म्हणून म्हणायची. काळपट पाणी, कडेला प्लॅस्टिक, आणि तो वास. आमच्याकडे मुलांना ती ‘नाला’ म्हणूनच माहीत असते. पण वरच्या अंगाला जा, काकोळ्याच्या डोंगराकडे, जिथून ती येते. तिथे रेल्वेने बांधलेलं जुनं जीआयपी धरण आहे. त्याच धरणाच्या पाण्यावर अंबरनाथचा ‘रेल नीर’ प्रकल्प चालतो. म्हणजे गाडीत आपण जे पाणी विकत घेऊन पितो, ते आणि हे एकाच खोऱ्यातलं! मधे फक्त काही किलोमीटर, कारखाने, आणि आपण सगळे. पुढे ती उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते. २०१४च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरला टँकरमधून तिच्यात रसायन सोडलं गेलं, आणि रात्री झोपेतच शेकडो लोकांना श्वास घेता येईना. हॉस्पिटलं भरली होती.

‘तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’ मी विचारलं. ‘कंपनीत असताना, पाणी कुठे जातं ते?’

बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, ‘सगळ्यांनाच माहीत होतं. विचारलं कुणीच नाही. घराचे हप्ते होते. तू होतीस. तुझी फी होती.’

माझं मास कम्युनिकेशन त्या पगारातून झालं. ज्या डिग्रीच्या जोरावर मी आज लोकांना प्रश्न विचारते, ती डिग्री या काठावर न विचारलेल्या एका प्रश्नावर उभी आहे. मला बाबांचा राग आला नाही. येईल असं वाटलं होतं, पण नाही आला. कारण मी तरी काय केलं होतं? त्यांनी नदीकडे पाठ केली, आणि मी तिला फ्रेममधून कापत होते.

परत येताना ते म्हणाले, ‘त्या मुलांना इथे आण. दहाच मिनिटं. मी सांगेन त्यांना.’

तर मित्रांनो, प्लॅन बदललाय. सुधारित आवृत्ती तुम्हीपण वापरू शकता, कॉपीराइट नाही. दिवस हिवाळ्यातला बरा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, गर्दीत कोरीवकाम दिसत नाही. मात्र महाशिवरात्रीच्या सुमारास शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल जाहीर झाला, तर त्या तारखा जरूर बघा; मंदिराच्या साक्षीने गाणं ऐकण्याची मजा ऑडिटोरियममध्ये नाही. अंबरनाथ ईस्टला उतरा, दोनेक किलोमीटरवर मंदिर आहे, शेअर रिक्षा मिळते. भिंतींसाठी किमान दीड तास ठेवा आणि प्रदक्षिणा दोनदा घाला. पहिल्यांदा मूर्ती बघा, दुसऱ्यांदा नुसत्या सावल्या. चित्र काढता येत असेल तर वही न्या, येत नसेल तरी न्या. पूजा चालू असते, तेव्हा गाभाऱ्यात सेल्फीचा हट्ट नको.

आणि मग दहा मिनिटं नदीसाठी. नाकाला रुमाल लावा हवं तर, पण जा. साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी ही जागा निवडली ती या पाण्यासाठी, हे तिथे उभं राहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

संध्याकाळी बदलापूर. उल्हास नदी अजून वाहतेय. राजमाचीच्या बाजूने निघून कर्जत, नेरळ करत ती आमच्याकडे येते. आमच्या नळाला तिचंच पाणी. जलपर्णी आणि सांडपाणी तिलाही सुटलेलं नाही, पण सूर्य कलताना काठावर अजून बगळे उतरतात. लांबूनच बघा. पाण्यात उतरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. २०१९च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस तिच्या पुराने अडवून ठेवली होती. जूनमध्ये आलात, तर जाताना बदलापूरची जांभळं घ्या. आणि परतीला बदलापूरहूनच सुटणारी लोकल पकडा. विण्डो सीट गॅरण्टीड! आमच्या गावाची ही लक्झरी कुठल्याही रिसॉर्टमध्ये नाही.

काल ऑफिसात सुधारित प्लॅन वाचून दाखवला. नदीच्या मुद्द्यावर जरा चुळबुळ झाली. ‘ट्रिपला जाऊन नाला बघायचा?’ इंडिकेटरवालीने विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘माझे बाबा गाइड आहेत.’

जे. जे.वाल्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, ‘काका किती वाजता भेटतील?’

कुणीतरी मला विचारलं, तू नक्की राहतेस कुठे गं? ‘बदलापूर,’ मी म्हटलं. कल्याणचं नावही घेतलं नाही.