लाटांवरचा पोलादी सर्प

लाट किनाऱ्याकडे धावते. पाणी मात्र फारसे पुढे सरत नाही. ते जवळजवळ जागीच वर्तुळाकार फिरते, पुढे जाते ती ऊर्जा. पाण्यात बूच टाकून शाळकरी मुलालाही हे पाहता येते. या ऊर्जेला वेसण घालण्यासाठी स्कॉटलंडच्या अभियंत्यांनी ‘पेलामिस’ हे यंत्र घडविले. समुद्रसर्पाचे नाव धारण करणारी ही पोलादी नळकांड्यांची माळ सुमारे १२० मीटर लांब होती. लाटेकडे तोंड करून ती अर्धवट बुडून तरंगे. एक नळकांडे लाटेच्या माथ्यावर चढले की शेजारचे खाली झुके. सांधा वाके, त्यातील दट्ट्या तेल दाबी आणि त्या दाबावर जनित्र फिरे.

२००४ साली ऑर्कनी बेटांजवळून ही वीज ब्रिटनच्या वीजजाळ्यात पोहोचली. सप्टेंबर २००८ मध्ये पोर्तुगालच्या आगुसादोरा किनाऱ्यासमोर अशी तीन यंत्रे समारंभपूर्वक सुरू झाली. नोव्हेंबरात ती बंदरात ओढून आणावी लागली! सांध्यांच्या बेअरिंगांनी दगा दिला, हे खरे. परंतु असले दोष समुद्रात उतरल्यावाचून कळतात तरी कसे? खरा घाव बसला तो भांडवल पुरविणारी ऑस्ट्रेलियन कंपनी आर्थिक अरिष्टात सापडली तेव्हा. पुढे यंत्राची सुधारित आवृत्ती ऑर्कनीत उतरली. पण २०१४ साली मूळ कंपनीच दिवाळखोरीच्या दारी पोहोचली.

वादळाशी झुंजणारे यंत्र वर्षा-दोन वर्षांत नफा देईल, ही अपेक्षाच आम्हांस अविचाराची वाटते. असा भार सरकारनेच दीर्घकाळ वाहिला पाहिजे. कंपनी बुडाल्यावर स्कॉटलंड सरकारने स्थापिलेल्या संस्थेने यंत्राचे हक्क विकत घेतले. तोवर कारागीर पांगू लागले होते.