शेवटचं कडवं कोणी कापलं?

संगीताला जात नसते, असं जठारपेठेतले एक रसिक मला म्हणाले. म्हणताना त्यांच्या हातात निना सिमोनची रेकॉर्ड होती. 'लिटल गर्ल ब्लू'. १९५९ साली निघालेली, २०२१ साली धुऊनपुसून पुन्हा काढलेली. तीन हजारांच्या वर मोजले म्हणाले. मी दालमिलचा कामगार. किती दिवसांची रोजी झाली ते मनात मोजलं आणि गप्प बसलो. तिथं बसलो म्हणून इथं लिहितो.

त्यांनी रेकॉर्ड लावली. खोटं बोलणार नाही, अंगावर काटा आला. बाईच्या बोटांत नाताळचं जुनं गाणं, गळ्यात दुसरंच, आणि दोन्ही एकत्र नांदतात. जाझ जाझ म्हणतात ते हे! पण रसिक बोलत होते काय? तबकडी किती ग्रॅमची, खरखर कशी नाही, बास कसा उठतो. बाई कोण, यावर चकार शब्द नाही.

तर ऐका. तिचं खरं नाव युनिस वेमन. (मी पहिल्यांदा वामन वाचलं. चुकलो असं म्हणवत नाही.) नॉर्थ कॅरोलिनातली काळी पोरगी, जन्म १९३३. तिला शास्त्रीय पियानो वाजवायचा होता. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेनं तिला घेतलं नाही. कातडीमुळं घेतलं नाही, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. २००३ मध्ये, ती मरायच्या दोन दिवस आधी, त्याच संस्थेनं सन्मानाची पदवी दिली. द्रोणाचार्य अंगठा परत द्यायला आला, तोही स्मशानाच्या फाटकाशी! पोटासाठी ती बारमध्ये वाजवू लागली, आईला कळू नये म्हणून नाव बदललं. या पहिल्याच रेकॉर्डचे हक्क तिनं तीन हजार डॉलरात देऊन टाकले. १९८७ मध्ये यातलं एक गाणं अत्तराच्या जाहिरातीत वाजलं आणि इंग्लंडात धो धो खपलं. हक्क कधीच गेलेले.

जात नसते म्हणे!

प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या भीमगीतांच्याही तबकड्या निघाल्या. जठारपेठेतल्या किती कपाटांत आहेत, रसिकहो?

पण दोस्तांनो, त्यांच्यावर थुंकून मोकळं होणं सोपं आहे. आपलं काय? वामनदादा कर्डक, नाशिककडच्या देशवंडीचे, मजुरी करता करता अक्षर शिकले आणि हजारो गाणी लिहिली. आपल्या शाहिराजवळ कागद नाही, वकील नाही. म्हणून तो शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. तोच त्याचा सातबारा. नाव तोडल्याशिवाय ते गाणं कोणाला चोरता येत नाही.

आणि आपण काय केलं? मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची क्लिप. मुखडा, ढोल, पुन्हा मुखडा. शेवटचं कडवं गेलं, सातबारा गेला. जयंतीत डीजेवाल्या पोराले विचारलं, "हे गानं कोनाचं हाये बे?"

"बाबासाहेबाचं."

"अन् लिहिलं कोनं?"

"मले काय मालूम भाऊ, डाउनलोड केलं."

तिकडं निदान तीन हजार तरी मोजले. आपण फुकटात पुसतो. वरून छाती काढून नाचतो.

येत्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत कडवं कापलेलं गाणं लागलं, तर मी डीजेची वायर उपटणार आहे. आत्ताच सांगून ठेवतो. मारायचं त्यानं मारावं.