पुस्तकाचे दुकान गिऱ्हाइकावर चालते

मराठी टिकली पाहिजे, असे आपण प्रत्येक व्यासपीठावरून म्हणतो. पण आपल्या बाजारपेठेतले मराठी पुस्तकांचे दुकान टिकावे म्हणून काय करतो, हे कोणी विचारत नाही. या बाबतीत वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवरील हे-ऑन-वाय या बाजाराच्या गावाचा इतिहास आपण सीमावासीयांनी जरूर समजून घ्यावा.

हे गाव दोन हजारांहून कमी वस्तीचे. १९६२ अखेर तेथील प्रवासी रेल्वे बंद झाली. त्याच सुमारास ऑक्सफर्डला शिकलेल्या रिचर्ड बूथ या तरुणाने जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले. मोठ्या घराण्यांच्या वाड्यांतील आणि अमेरिकेतील ग्रंथालयांनी विकायला काढलेली पुस्तके त्यांनी घाऊक आणली. जुन्या सिनेमागृहातही पुस्तके भरली. पाठोपाठ इतरांनी दुकाने काढली आणि गावाचे नाव जगभर झाले. १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी गाव स्वतंत्र झाल्याचे जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतले. ती गंमतच होती, पण तिच्यामागे सरकारी विकास मंडळांवरचा राग होता. गावाचे भले स्थानिक धंद्याने होते, असे त्यांचे म्हणणे. पुढे ते स्वतः आर्थिक अडचणीत आले, २०१९ मध्ये वारले. गावातला पुस्तकांचा बाजार मात्र चालू राहिला, कारण तेथे येणारा माणूस पुस्तक विकत घेतो.

त्याच गावावरून स्फूर्ती घेऊन महाराष्ट्र शासनाने ४ मे २०१७ रोजी महाबळेश्वरजवळ भिलारला 'पुस्तकांचे गाव' सुरू केले. २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके ठेवली. उपक्रम स्तुत्यच आहे. पण तेथे पुस्तके बसून वाचायची सोय आहे आणि खर्च शासनाचा आहे. दुकानदाराला असा धनी कुठला?

मी बँकेतला कारकून, म्हणून हिशेबाने सांगतो. पुस्तकविक्रेत्याचे भांडवल कपाटात अडकते. भाडे, वीजबिल आणि व्याज मात्र दरमहा भरावेच लागते. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमानी येथील साहित्य संमेलने हा आपला अभिमान आहे. परंतु मंडपातला स्टॉल संध्याकाळी उठतो; दुकानाला वर्षभर गल्ला लागतो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. सत्काराला शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यावे. शाळांची बक्षिसे, वाचनालयांची खरेदी गावातल्या दुकानातूनच करावी. जास्त सवलतीसाठी पुण्या-कोल्हापूरहून गठ्ठे मागवू नयेत. आणि मुख्य म्हणजे बिल रोख भागवावे, उधारीवर ठेवू नये. प्रत्येक मंडळाने येत्या वार्षिक सभेत यासाठी अंदाजपत्रकात रक्कम धरून तसा ठराव करावा.