शरीराची ओळख : मांडी आणि आपली उठबस

वर्गात शरीराचा धडा सुरू झाला की मुले हृदय, फुप्फुस, डोळे यांबद्दल हजार प्रश्न विचारतात. मांडीबद्दल कोणी विचारत नाही. घरीही तेच. बहुतेक उलमांच्या मते मांडी सतरमध्ये येते, त्यामुळे तिच्याविषयी बोलणेच टाळले जाते. पण सजद्यातून कयामला उठणे, जिना चढणे, दस्तरख्वानवर बसणे हे सारे तिच्याच जोरावर चालते. म्हणून या महिन्यात मांडीची पुढची आणि आतली बाजू समजून घेऊ या.

मांडीचे हाड शरीरातले सर्वांत लांब हाड. माणसाच्या उंचीच्या साधारण चौथ्या भागाएवढे. त्याच्या पुढच्या बाजूला चार स्नायू असतात. एक कमरेच्या हाडापासून निघतो, बाकीचे तीन मांडीच्याच हाडावरून. हे चारही खाली एकत्र येतात, गुडघ्याच्या वाटीला धरतात आणि नडगीच्या वरच्या उंचवट्याला जोडले जातात. त्यांचे मुख्य काम गुडघा सरळ करणे. खुर्चीवर बसा, हात मांडीवर ठेवा आणि पाय समोर ताठ करा. हाताखाली जे कडक होते, तेच हे स्नायू. लहान बाळाला लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात, तीही यांतल्याच बाहेरच्या स्नायूत. तो जाड असतो आणि मोठ्या रक्तवाहिन्या व नसा तिथून दूर असतात.

सजद्यातून उठताना वाकलेला गुडघा शरीराचे वजन घेऊन सरळ करावा लागतो. त्याचा मोठा भार या चार स्नायूंवर पडतो. दादी-नानी उठताना जमिनीला हात टेकू लागल्या की आपण म्हणतो, ‘गुडघे गेले.’ पुष्कळदा गुडघ्याइतकीच मांडीही अशक्त झालेली असते. गुडघा दुखतो म्हणून चालणे कमी होते, चालणे कमी झाले की स्नायू रोडावतात, आणि स्नायू रोडावले की सांध्यावरचा ताण वाढून तो आणखी दुखतो. हे चक्र तोडायला एक सोपा व्यायाम आहे. खुर्चीवर बसून एक पाय हळूहळू सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. बसवत नसेल तर पलंगावर पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती गुडघ्याने खाली दाबावी. गुडघा सुजला असेल किंवा त्याचे ऑपरेशन झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या बाजूला आणखी एक पट्ट्यासारखा स्नायू तिरपा उतरतो. कमरेच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत जाणारा हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू. त्याचे लॅटिन नाव ‘शिंपी’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, कारण जुने शिंपी मांडी घालून शिवायला बसत आणि तशी बैठक घालायला हा स्नायू मदत करतो.

आतल्या बाजूचे स्नायू पाच. ते मांड्या जवळ आणतात आणि चालताना तोल सांभाळतात. कबड्डीत किंवा ओल्या फरशीवर पाय बाहेर घसरला की जांघेत चमक भरते, ती यांच्यातच. पहिले दोन दिवस विश्रांती आणि थंड शेक द्यावा. तेल लावून जोरात चोळू नये.

आता सर्वांत नाजूक जागा. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या भागात, बाहेरून आत या क्रमाने नस, धमनी आणि शीर असतात. पायाला रक्त नेणारी ही मुख्य धमनी तिथे त्वचेच्या इतकी जवळ असते की बोटांना ठोके लागतात. मटण कापणाऱ्याच्या हातून सुरी निसटून मांडीत लागली तर धोका याचाच. बकरी ईदला प्रत्येक घरात हे माहीत हवे. जखमीला आडवे करा, स्वच्छ कापड जखमेवर ठेवून अंगाचा भार देऊन दाबा आणि १०८ ला फोन करा. रक्त थांबले का हे बघायला कापड उचलू नका. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. सुरी रुतून बसली असेल तर उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. इथे मिनिटे मोलाची असतात.

आणि शरमेबद्दल. जांघेच्या घडीखाली गाठ आली की पुष्कळ बायका महिनोन्‌महिने बोलत नाहीत. ती गाठ साधी असू शकते, पण हर्नियाही असू शकतो, आणि या जागेचा हर्निया पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. गाठ कडक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात पडून राहिल्यावर एकच पाय सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तेव्हाही थांबू नये. इलाजासाठी गरजेपुरता भाग डॉक्टरांना दाखवण्याची मुभा उलमांनी दिलेली आहे, आणि स्त्रियांना लेडी डॉक्टर मागण्याचा हक्क आहे. मुलींना आणि सुनांना हे आपणच सांगायला हवे, कारण त्या स्वतःहून विचारणार नाहीत.