परसातील हिरवे पाणी

पाऊस सरला की बार्देशातील बंद बंगल्यांच्या परसात तरणतलाव हिरवेगार झालेले दिसतात. चार महिने गाळणयंत्र बंद, क्लोरीन नाही. शेवाळ माजणारच, आणि डासही. मालक येतो, नाक मुरडतो व पंप लावून सारे पाणी शेजारच्या शेतात सोडतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व दीड मीटर खोल तलावात ४८ हजार लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात ही उधळपट्टी आम्हांस बेपर्वाईची वाटते. शिवाय भूजल वर आलेले असताना रिकामा केलेला हौद खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो.

वस्तुतः पाणी जागच्या जागीच निवळते. गाळ उपसून भिंती घासाव्यात. पीएच ७.२ ते ७.६ वर आणावा; तो ८ वर असता क्लोरीनचा बराचसा जोर वाया जातो. क्लोरीन सायंकाळी घालावे, कारण ऊन ते खाऊन टाकते. गाळणयंत्र रात्रंदिवस चालवावे व वरचेवर धुवावे. मेलेल्या शेवाळाने पाणी दुधाळ होते. नेमका इथेच लोकांचा धीर सुटतो आणि ते आणखी औषध ओतीत बसतात. वास्तविक आता काम उरते ते गाळणयंत्राचे.

क्लोरीनची पावडर आणि आम्ल एका बादलीत मिसळल्यास विषारी वायू निघतो. ज्या गड्यावर हे काम सोपविले जाते, त्याला हे कोणी सांगितलेले असते काय? तलावाला परवाना देतानाच पंचायतीने दोन प्रश्न विचारावेत: पाणी कोठे सोडणार, आणि औषध कोण हाताळणार?