विश्लेषण : पाळी चुकली की पीसीओडीच? हार्मोन तयार करणाऱ्या अंडाशयाच्या गाठी कशा ओळखतात?

पाळी अनियमित झाली, चेहऱ्यावर केस वाढले की ‘पीसीओडी असेल’ असा निष्कर्ष घरातच काढला जातो. बहुतेकदा तो बरोबरही असतो. मात्र क्वचितप्रसंगी या लक्षणांमागे अंडाशयातील एखादी गाठ असते आणि ती स्वतःच हार्मोन तयार करत असते. तिचे निदान लांबले तर काही बदल कायमचे राहू शकतात.

या गाठी कोणत्या?

अंडाशयात स्त्रीबीजाभोवती असणाऱ्या आणि त्याला आधार देणाऱ्या पेशींपासून या गाठी तयार होतात. त्यातील ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर बहुधा इस्ट्रोजेन तयार करतो. अंडाशयाच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के आहे. सर्टोली-लेडिग ट्यूमर त्याहून दुर्मीळ असून तो अनेकदा टेस्टोस्टेरॉन तयार करतो.

लक्षणे काय?

इस्ट्रोजेन वाढल्याचा परिणाम वयानुसार बदलतो. लहान मुलीत वयाच्या आठ वर्षांपूर्वीच स्तनांची वाढ सुरू होते. प्रौढ स्त्रीला अनियमित किंवा अतिरक्तस्राव होतो, तर पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव दिसतो. टेस्टोस्टेरॉन वाढल्यास पाळी थांबते, दाढी-मिशा येतात, आवाज घोगरा होतो. काही गाठी हार्मोन तयार करत नाहीत. तेव्हा पोटदुखी किंवा पोट फुगणे एवढेच लक्षण असते.

पीसीओडीपेक्षा फरक काय?

मुख्य फरक वेगाचा. पीसीओडीची लक्षणे सहसा वयात येताना सुरू होतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. गाठ असल्यास हेच बदल काही महिन्यांत होतात. आवाज घोगरा होणे पीसीओडीत सहसा आढळत नाही. रक्तातील टेस्टोस्टेरॉन खूप वाढलेले असेल किंवा सोनोग्राफीत एकाच अंडाशयात गाठ दिसली, तर संशय बळावतो. सीए-१२५ ही परिचित चाचणी येथे नॉर्मल येऊ शकते. त्यामुळे डॉक्टर इन्हिबिन आणि एएमएच या चाचण्यांचा आधार घेतात.

निदान पक्के कसे होते?

काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजी तपासणीतून. प्रौढांमधील ग्रॅन्युलोसा गाठीत पेशींच्या केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी खाच दिसते. या प्रकारच्या बहुतांश गाठींत फॉक्सएल-२ या जनुकात एकच ठरावीक बदल असतो, हे कॅनडातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. सर्टोली-लेडिग गाठीत अनेकदा डायसर-१ जनुकातील दोष आढळतो. तो आनुवंशिक असू शकतो, म्हणून कुटुंबीयांनाही जनुकीय सल्ला दिला जातो.

उपचारानंतर मूल होऊ शकते का?

बहुतेक गाठी पहिल्या टप्प्यातच सापडतात. अशा तरुण रुग्णांत फक्त बाधित अंडाशय आणि त्या बाजूची नलिका काढून गर्भाशय व दुसरे अंडाशय वाचवता येते. ग्रॅन्युलोसा गाठीत मात्र गर्भाशयाच्या अस्तराचीही तपासणी आवश्यक असते, कारण जादा इस्ट्रोजेनमुळे ते जाड होऊन तेथेही कर्करोग होऊ शकतो. टेस्टोस्टेरॉन तयार करणारी गाठ काढल्यावर पाळी सहसा पूर्ववत होते, पण घोगरा झालेला आवाज पूर्णपणे परत येईलच असे नाही.

धोका कधी टळतो?

ग्रॅन्युलोसा गाठ हळू वाढते, पण १० किंवा २० वर्षांनंतरही परतू शकते. त्यामुळे ‘पाच वर्षे झाली, आता सुटलो’ हा हिशेब येथे लागू होत नाही. शस्त्रक्रियेचे आणि पॅथॉलॉजीचे रिपोर्ट जपून ठेवणे आणि दीर्घकाळ नियमित तपासणी करत राहणे हाही उपचाराचाच भाग आहे.