गाव जोडलं, घर राहिलं : पिरंगुटहून नेटवर्कचा हिशोब

२०२५ या एका वर्षात आपल्या घरांतून किती कामं मोबाइलवरून करावी लागली, याची यादी काढली तर आपणच चकित होऊ. अकरावीचा प्रवेश त्या वर्षीपासून सगळ्या महाराष्ट्रासाठी ऑनलाइन झाला. आधी तो पुणे-पिंपरी चिंचवड, मुंबई अशा मोजक्या महापालिका क्षेत्रांपुरता होता, आता तालुक्याच्या गावातल्या कॉलेजलाही तोच रस्ता. सप्टेंबरमध्ये लाडक्या बहिणींसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. हजचा अर्ज तर आधीपासूनच हज कमिटीच्या पोर्टलवर किंवा हज सुविधा ॲपवर भरायचा असतो. आणि ६ जूनला केंद्राचं उम्मीद पोर्टल सुरू झालं, ज्यावर देशातल्या नोंदणीकृत वक्फ मालमत्तांची माहिती सहा महिन्यांत चढवायची होती.

म्हणजे शिक्षण, घरखर्चाला हातभार, हज आणि मस्जिद-कब्रस्तानची जमीन, चारही गोष्टींचा दरवाजा एकच, मोबाइलचं नेटवर्क. म्हणून नेटवर्क हा आता पोरांच्या रील्सचा विषय राहिलेला नाही. तो हक्काचा विषय झालाय.

सरकारी आकडे पाहिले तर चित्र छान आहे. देशातल्या सुमारे ६ लाख ४४ हजार गावांपैकी ६ लाख २० हजारांहून जास्त गावांत मोबाइल सेवा पोहोचल्याचं केंद्राने २०२४ मध्येच सांगितलं. २७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुडा इथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी सेवेचं उद्घाटन केलं, सुमारे ९७,५०० टॉवरचं. २०२५ च्या सुरुवातीला ब्रॉडबँड ग्राहकांची संख्या ९४ कोटींच्या घरात होती. हे काम मोठं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. दहा वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर आखाती देशातल्या भावाचा चेहरा दिसेल, असं किती घरांना वाटलं होतं?

पण मग पिरंगुटमध्ये फॉर्म भरायला बसलेल्या मुलीच्या फोनवर ते चक्र फिरतच का राहतं? उत्तर आकड्यांच्या आतच आहे.

पहिली गोष्ट. त्या ९४ कोटींपैकी घरात किंवा दुकानात वायरने आलेलं ब्रॉडबँड जेमतेम ४ कोटी. बाकी सगळा देश मोबाइलच्या डेटावर चालतो. दुसरी गोष्ट, ब्रॉडबँड म्हणायचं कशाला? २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हणत. पुढे ती मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. पण हा वेग फक्त डाउनलोडचा. आपल्याकडून पुढे पाठवण्याचा, म्हणजे अपलोडचा किमान वेग या व्याख्येत नाही. आता विचार करा, सरकारी कामात आपण करतो काय? दाखला, फोटो, सातबारा, जुना दस्तऐवज स्कॅन करून चढवतो. सगळं अपलोडच. ज्या गोष्टीची आपल्याला सर्वांत जास्त गरज, तिचंच मोजमाप व्याख्येत नाही.

तिसरी गोष्ट भूगोलाची. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम करत घाट उतरला की पिरंगुट. आजूबाजूला कासार आंबोली, उरवडे, घोटावडे फाटा, सगळीकडे कारखाने आणि कामगारांच्या खोल्या. पुढे पौड, मग मुळशी धरण आणि ताम्हिणी. मोबाइलची लहर डोंगर ओलांडत नाही, ती अडते. त्यातही ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी लांब जातात, भिंतीतून थोड्याफार आत शिरतात. ५जीचा वेग ज्यावर मिळतो त्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जवळच संपतात. त्यामुळे रस्त्यावर फोनवर ५जी दिसतं आणि पत्र्याच्या खोलीत शिरलं की रेंज जाते, यात फोन बिघडलेला नसतो.

शिवाय टॉवर म्हणजे सार्वजनिक नळ. जितके जास्त लोक एकदम उघडतील, तितकी धार बारीक. शिफ्ट सुटल्यावर हजारो कामगार एकाच वेळी गावी फोन लावतात, व्हिडिओ बघतात, तेव्हा रेंजच्या कांड्या पूर्ण असूनही काम होत नाही. पावसाळ्यात वीज जाते, टॉवरची बॅटरी किती तास टिकते त्यावर सगळं अवलंबून. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, दरड कोसळली. अशा दिवशी इशाऱ्याचा मेसेजही नेटवर्कवरूनच यायचा असतो, हे विसरून चालणार नाही. आणि रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या दाताखाली केबल येते. खोदण्याआधी केबलमालकाला कळवता यावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही काढलं. पण ते ठेकेदाराने वापरलं तर उपयोग.

मग ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरचं काय? ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावाने झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. पण या योजनेचा मूळ हिशोब पंचायतीच्या कार्यालयापर्यंतचा होता. कार्यालयात डबा बसला की गाव जोडलं. तिथून शाळा, दवाखाना, अंगणवाडी आणि शेवटी घर हा जो टप्पा आहे, तोच सगळीकडे लटकला. सुधारित कार्यक्रमात त्याच्यावर भर आहे, पण तो पुरा झाला की नाही हे दिल्लीत बसून दिसणार नाही. गावातूनच दिसेल.

मुळशीला हा अनुभव नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी इथल्या पाण्यावर वीज करायला टाटांनी धरण बांधलं, मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. वीज गेली मुंबईला. आज फायबर आणि टॉवरची गोष्ट तितकी कडू नाही. पण दारावरून जाणारी सोय दारात येतेच असं नाही, हे मुळशीने पाहिलेलं आहे.

आता नियमाकडे येऊ, कारण खरी गोम इथे आहे. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम काढले. त्यात एक चांगली तरतूद आहे. सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला बिलात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव दिवस मिळतात. पण हा नियम जिल्हा पातळीवर सेवा बंद पडली तर लागतो. पुणे जिल्हा केवढा? हडपसर-हिंजवडीपासून ताम्हिणीच्या घाटमाथ्यापर्यंत. धरणाच्या पलीकडच्या वाड्या आठवडाभर मुक्या राहिल्या, तरी जिल्हा बंद पडला असं होत नाही. गुणवत्तेचे अहवालही आजवर सर्कलनुसार निघत आले. आणि महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई वगळून अख्खं राज्य, वर गोवा. एवढ्या मोठ्या सरासरीत पिरंगुटची एक चाळ कुठे दिसणार?

हेच आमचं म्हणणं आहे. सेवेचा हिशोब गावाचा, जिल्ह्याचा, सर्कलचा होतो. मुदत मात्र घराला, माणसाला लावली जाते. ओटीपी आला नाही तर अर्ज राहतो तो त्या एका बाईचा, सर्कलचा नाही.

उम्मीद पोर्टलचं उदाहरण घ्या. ६ डिसेंबर २०२५ ला मुदत संपली तेव्हा ५ लाख १७ हजारांहून अधिक मालमत्तांची नोंद सुरू झाली होती. त्यातल्या मंजूर झालेल्या साधारण २ लाख १६ हजार. यामागे नेटवर्क हे एकमेव कारण मुळीच नव्हतं. जुनी उर्दू किंवा मोडी कागदपत्रं, अपुऱ्या नोंदी, सर्व्हरवरचा ताण, शेवटच्या दिवसांपर्यंत थांबलेले ट्रस्टी, सगळंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबरला सरसकट मुदतवाढ नाकारली आणि अडचण असणाऱ्यांनी वक्फ ट्रिब्युनलकडे जावं असं सांगितलं. पण एखाद्या आडगावातला साठीपुढचा मुतवल्ली तालुक्याच्या सायबर कॅफेत चकरा मारतो, तेव्हा पुण्यात फायबरवर बसलेल्या ट्रस्टच्या बरोबरीने तो धावतोय असं म्हणता येईल का?

लाडकी बहीण योजनेतही तेच. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नंबरवर दुसरा. नवरा शिफ्टला, फोन त्याच्या खिशात, बायको घरी. ज्या घरात फोन एकच, तिथे बाईचा आणि मुलीचा नंबर शेवटी लागतो. सरकारला मुदत वाढवावी लागली ती उगाच नाही. अकरावीचं संकेतस्थळही पहिल्याच दिवशी कोलमडलं होतं.

कायदा मात्र आपल्या बाजूने पुढे गेलेला आहे. केरळमधल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने हॉस्टेलमधल्या मोबाइलबंदीला कोर्टात आव्हान दिलं. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. एका मुस्लिम मुलीने अभ्यासासाठी लढवलेला हा खटला आपल्या घराघरांत माहीत असायला हवा. मुलीच्या हातून फोन काढून घेण्याआधी तरी. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात इंटरनेटवरून बोलण्याच्या आणि व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचं संरक्षण असल्याचं सांगितलं. आणि ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात, ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांच्या व दृष्टिहीनांच्या ई-केवायसीच्या प्रश्नावर निकाल देताना, डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं.

हक्क कागदावर आहे. तो घरात आणायचा तर काही कामं आपल्यालाच करावी लागतील.

एक, तक्रार नोंदवून करा. दुकानदाराकडे कुरकुर केल्याने काही होत नाही. कंपनीच्या केंद्रावर तक्रार केली की नंबर मिळतो, तो जपून ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही. त्यापुढे दूरसंचार विभागाचं तक्रार पोर्टल. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. ग्राहक न्यायालयाचा रस्ताही खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला तो मोकळा असल्याचं स्पष्ट केलं. एका चाळीतल्या वीस जणांचे वीस नंबर एकत्र ठेवले, तर ‘तुमच्याच फोनचा प्रॉब्लेम’ हे उत्तर चालत नाही.

दोन, नकाशा बघा. नव्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो. आपलं घर त्यात ४जी दाखवलंय आणि प्रत्यक्षात रेंज नाही, तर तोच पुरावा. स्क्रीनशॉट काढा, तारखेसह. सिम घेण्याआधीही नकाशा बघितलेला बरा.

तीन, ग्रामसभेत विचारा. पंचायतीतलं फायबर चालू आहे का, किती दिवस बंद होतं, शाळा आणि आरोग्य केंद्र जोडलंय का? हे प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या.

चार, जमातने एक टेबल मांडावं. पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान, चहाची टपरी किंवा जमातखानासुद्धा परवाना न घेता सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. जून २०२५ मध्ये ट्रायने अशा केंद्रांसाठी इंटरनेटच्या दरावर मर्यादा घातली, घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. जुम्याच्या नमाजनंतर दोन तास, दोन शिकलेली मुलं आणि दोन मुली, एक स्कॅनर. शिष्यवृत्ती, हज, केवायसी, वक्फ, सगळ्यांचे फॉर्म तिथे भरता येतील. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा. आणि कुणाचा ओटीपी, कुणाचं आधार ही अमानत आहे, हे त्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

पाच, मागणी एकच ठेवा. जिथे नेटवर्कची हमी नाही, तिथे कागदी अर्जाचा पर्याय असलाच पाहिजे, आणि सेवेचा हिशोब गावाच्या, वाडीच्या पातळीवर झाला पाहिजे.

ही मागणी फक्त आपल्या समाजाची नाही, तशी मांडूही नये. मुळशीच्या पश्चिमेला धनगरवाड्यांची आणि कातकरी वस्त्यांची हालत आपल्यापेक्षा बिकट आहे. पिरंगुटच्या खोलीतला बिहारी कामगार आणि शेजारची मराठा, बौद्ध कुटुंबं त्याच टॉवरवर आहेत. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको. तक्रारीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या असतील तर कागदाचं वजन वाढतं आणि शेजारही जवळ येतो.

उम्मीदची मुदत गेली, अकरावीची पुढची फेरी येईल, हजचे अर्ज पुन्हा निघतील, नवी केवायसी येईल. पुढची तारीख जाहीर होण्याआधी आपल्या मोहल्ल्यातलं ते टेबल मांडलेलं असावं. इन्शाअल्लाह, एवढं तर आपल्या हातात आहे.